सात दिवस, एकटा, आणि परत येणार आहे

येत्या ५ फेब्रुवारीला मला नागासाकीत असायचं आहे. जपानमधलं नागासाकी. जाण्या-येण्याचे धरून नऊ दिवस, तिथे सात. एकटा. ग्रुप टूर नाही, तिकडे नातेवाईक नाही, कंपनी पाठवत नाही, कुणाचं आमंत्रण नाही.

एवढं सांगितलं की वसईत पहिला प्रश्न येतो, "एकटाच का?" जपान का, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने विचारलं, "वहिनींशी काही बिनसलंय का साहेब?" आईला वाटतं काहीतरी लपवतोय. एका नगरसेवक मित्राने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिकडे सेटल व्हायचा विचार आहे का?" म्हणजे आपल्याकडे परदेशात जाणारा माणूस तीनच प्रकारचा. कामाला जाणारा, कायमचा जाणारा, नाहीतर लाल टोपी घालून गाईडच्या झेंड्यामागे चालणारा. आठवडाभर एकट्याने जाऊन, बघून परत येणारा माणूस आपल्या हिशेबात नाही. आणि गंमत अशी की तो सरकारी कागदांच्याही हिशेबात नाही. आज त्यावरच लिहितोय.

आधी नागासाकीचं सांगतो. गास गावचं संत गोन्सालो गार्सिया चर्च आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वसईतलं कॉलेजही त्यांच्याच नावाचं. मी ख्रिश्चन नाही, पण पंचवीस वर्षं या भागात बातमीदारी करताना या माणसाचं मला कायम कुतूहल वाटत आलं. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. पोरवयात एका जेझुइट पाद्र्याबरोबर बोटीने जपानला गेला. तिथली भाषा अशी शिकला की पुढे दुभाषी म्हणून नाव झालं. मध्ये काही वर्षं व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये शिष्टमंडळाबरोबर पुन्हा जपानला गेला. तेव्हाचा सर्वेसर्वा होता टोयोटोमी हिदेयोशी. हे परदेशी लोक धर्माच्या नावाखाली मुलूख घ्यायला आलेत, असा त्याला संशय आला. क्योटोहून चोवीस जणांना कडाक्याच्या थंडीत, कान कापून, जवळपास महिनाभर पायी चालवत नागासाकीला नेलं, वाटेत आणखी दोघं त्यांच्यात धरले गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला सव्वीसही जणांना निशिझाका टेकडीवर क्रुसावर मारलं. त्यात आपला वसईकर होता. १८६२ मध्ये रोमने त्या सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केलं. टेकडीवर १९६२ पासून स्मारक आहे, शेजारी संग्रहालय आहे. मला ते बघायचंय. वसईच्या माणसाचं नाव तिथे कसं लिहिलंय, तिथली शाळकरी पोरं त्याच्याबद्दल काय वाचतात, हे विचारायचंय. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

(काही जण म्हणाले, पोर्तुगालला जा की, आपलं जुनं नातं आहे. नातं आहे खरं, १५३४ ते १७३९. पण ते आपल्या उपयोगाचं नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. आपल्याकडचे पोर्तुगीज चिमाजी अप्पांनी सव्वादोनशे वर्षं आधीच घालवले. त्यामुळे आडनाव लोपीस असो की पाटील, लिस्बनच्या काउंटरवर वसईकर सारखाच परका.)

तयारीचा खरा भाग मजेचा आहे. रात्री पान लावून झालं की नकाशा उघडून बसतो. मुंबईहून नागासाकीला थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी बदलून फुकुओकाला उतरायचं, तिथल्या हाकाता स्टेशनवरून रेल्वेने पुढे. अर्ध्या वाटेवर ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलायची, समोरच्याच फलाटावर शिनकान्सेन उभी असते. हा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला. राहायला स्टेशनजवळचं छोटं बिझनेस हॉटेल. खोली आपल्या विरार लोकलच्या डब्यापेक्षा लहान असते म्हणतात, पण गर्दी नसेल. जेवणाचा प्रश्न नाही. सुके बोंबील खाऊन वाढलेल्या माणसाला जपानमध्ये उपाशी मरायची भीती कसली? रोख येन लागतील, आपलं यूपीआय तिथल्या दुकानात चालेल या भरवशावर निघायचं नाही. इन्शुरन्स घ्यायचा, त्यात कंजूषपणा करायचा नाही. एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. एकट्याने जाण्यात तोच तर फायदा. नऊ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी तिथे काय झालं ते बघितल्यावर संध्याकाळी कुणाशी बोलावंसं वाटेल की नाही, ते आत्ताच कसं ठरवू? सगळा हिशेब दीड लाखाच्या आतबाहेर बसतो. त्यासाठी दोन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले.

शिनकान्सेनवरून आठवलं. जपान आपल्या जिल्ह्याला काही अनोळखी नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी तलासरीपासून वसईपर्यंत जमिनी गेल्या. विरार आणि बोईसर ही दोन स्टेशनं आपल्याच जिल्ह्यात. १४ सप्टेंबर २०१७ ला दोन पंतप्रधानांनी अहमदाबादेत भूमिपूजन केलं तेव्हा सांगितलं गेलं की कर्ज जपानचं, व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षं. मी त्या मोजणीच्या बातम्या केल्यात. आदिवासी पाड्यांवर मोजणीवाल्यांना अडवलं जात होतं तेव्हा मी तिथे उभा होतो. ज्या देशाची गाडी आपल्या शेतातून जाणार, ती गाडी तिथे शेतातून कशी जाते हे इथल्या एका पत्रकाराला स्वतःच्या पैशाने बघून यावंसं वाटलं, तर त्यात विचित्र काय आहे? मंत्री आणि अधिकारी अभ्यासदौऱ्याला जातात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही की वहिनींशी बिनसलंय का.

आता कागदांकडे येऊ.

जपानला आपल्याला व्हिसा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, एकदा जाण्याचा, नव्वद दिवसांपर्यंतचा, पण अर्ज केंद्रामार्फतच करावा लागतो. मूळ फी आतापर्यंत तरी शेकड्यांतच राहिली आहे, हा जपानचा मोठेपणा मानला पाहिजे. यादी अशी: विमानाचं आरक्षण, रोज कुठे जाणार आणि कुठे झोपणार याचा तक्ता, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्नच्या पावत्या, नोकरीचं किंवा धंद्याचं पत्र.

माझ्यासारख्या छोट्या गावच्या पत्रकाराची अडचण इथेच सुरू होते. वसई-विरारला छोटं गाव म्हणणं लोकसंख्येच्या दृष्टीने विनोद आहे, पण पत्रकारितेच्या दृष्टीने खरं आहे. इथे बहुतेक जण मानधनावर. सॅलरी स्लिप नाही. पैसे तीन ठिकाणांहून येतात, कधी वेळेवर, कधी दिवाळीनंतर. रिटर्न भरतो, पण आकडा बघून कुणी उठून खुर्ची देणार नाही. रिक्षावाला, वाडीत फुलं लावणारा, क्लास घेणारी बाई, वसई पूर्वेला छोटी पावडर कोटिंगची भट्टी चालवणारा, सगळ्यांचं असंच. कमावतात, कर भरतात, पण 'मंथली सॅलरी' या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना कळत नाही.

म्हणून लोक एजंटकडे जातात. मीही गेलो, चौकशीला. नाव सांगत नाही, कारण हा एकट्या त्याचा प्रश्न नाही. माणूस अगदी प्रेमळ. चहा मागवला आणि म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. तिकीट आत्ता काढायचं नाही. डमी देतो. पीएनआर खरा असतो, साईटवर दिसतो. व्हिसाचं काम झालं की आपोआप कॅन्सल."

मी म्हटलं, "आणि हॉटेल?"

"तेही डमी. बुकिंग करायचं, प्रिंट काढायची, रद्द करायचं. खात्यात तीनेक लाख दिसले पाहिजेत. नसतील तर फिरवू थोडे दिवस. आणि सर, एक सांगू? व्यवसायात पत्रकार लिहू नका. उगाच चौकशा. बिझनेस टाका."

पाच मिनिटांत चार खोटं. विमान खोटं, हॉटेल खोटं, पैसे खोटे, धंदा खोटा. खरा फक्त मी. आणि हे सगळं कशासाठी? मी खरोखर जाणार आहे आणि खरोखर परत येणार आहे, हे सिद्ध करण्यासाठी!

एजंटला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याला जन्म कुणी दिला ते बघा. अनेक देशांच्या व्हिसा केंद्रांवर एकीकडे सांगतात, व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट पक्कं करू नका, पैसे गेले तर आम्ही जबाबदार नाही. दुसरीकडे यादीत पहिल्याच ओळीत आरक्षणाची प्रत मागतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो पूर्ण परत मिळणारं महाग तिकीट काढतो आणि मोकळा होतो. ज्याच्याकडे नाही तो डमी काढतो. म्हणजे नियम एकच, पण श्रीमंताला तो खरं बोलून पाळता येतो आणि गरिबाला खोटं बोलून. यावर मला खरा राग आहे.

दुसरी बाजूही सांगतो. परक्या माणसाला दारात उभं करून दोन प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक घराला आहे, तसा देशालाही. टुरिस्ट म्हणून जाऊन गायब होणारे आहेत. उलट प्रकारही आहेत. थायलंडला नोकरी म्हणून नेलेली पोरं म्यानमारच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून तिथून साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना परत आणावं लागलं. त्यामुळे मुंबई विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी पंचवीस वर्षांच्या एकट्या मुलाला थांबवून विचारत असेल, कुठे चाललास, तिथे कोण आहे, तर मला त्याचं वाईट वाटत नाही. विचारलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न खऱ्या माणसाला पकडणारे हवेत. आज जी यादी आहे ती पास करणं अट्टल एजंटला सोपं आणि सरळ माणसाला अवघड आहे. ज्याला गायब व्हायचंय त्याचे कागद सगळ्यात चकाचक असतात.

युरोपचं तर विचारूच नका. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून ८० ची ९० युरो झाली. सेंटरचा खर्च वेगळा. त्या एका वर्षात भारतातून अकरा लाखांवर अर्ज गेले, त्यातले सुमारे एक लाख पासष्ट हजार फेटाळले. फी परत नाही. गुणाकार करून बघा, सव्वाशे कोटींच्या घरात जातो. आपल्या खिशातून गेलेले हे पैसे, बदल्यात एक छापील कागद आणि त्यावर खुणा केलेले रकाने. जपान तर नकाराचं कारणही सांगत नाही, आणि त्याच कारणासाठी पुढचे सहा महिने अर्ज करता येत नाही.

त्यात भर म्हणजे जो आधी जाऊन आलाय त्याला सवलत. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम केला: तीन वर्षांत दोनदा व्हिसा घेऊन नीट परत आलात तर पुढे दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा मिळू शकतो. चांगलंच आहे. पण पहिलटकराचं काय? त्याच्या कोऱ्या पासपोर्टकडे बघून शंका येते की हा आत्ताच का निघाला. अहो, आत्ताच पैसे जमले म्हणून!

वसईची अजून एक खास गोष्ट. नावं. इथल्या ख्रिश्चन कुटुंबांत एकाच माणसाच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं असतं. हिंदू घरांत वडिलांचं नाव कधी मधे, कधी गायब. लग्न झालेल्या बाईचं तर दोन्हीकडे अर्धं अर्धं. इथे राहताना याने काही अडत नाही. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एका अक्षराने जुळलं नाही की मग कळतं. ज्यांना कधीतरी जायचंय त्यांनी आजच सगळे कागद एका ओळीत मांडून बघा. पासपोर्टची फी दीड हजार आहे, पण नाव दुरुस्त करायच्या फेऱ्यांचा हिशेब कुणी धरत नाही.

आणि एकटी बाई निघाली तर? माझी एक सहकारी गेल्या वर्षी व्हिएतनामला एकटी जाऊन आली. सोपं होतं, ऑनलाइन ई-व्हिसा, पंचवीस डॉलर, परदेशी सरकारने काही विचारलं नाही. विचारलं सगळं सोसायटीतल्या बायकांनी. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला देण्याची सक्ती डिसेंबर २०१६ मध्येच काढून टाकली गेली, तरी झेरॉक्सच्या दुकानात तिला सांगितलं होतं, "ताई, मिस्टरांचं पत्र लागेल." नियम दिल्लीत बदलतो, झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचायला दहा वर्षं लागतात.

मग करायचं काय?

मोठ्या गोष्टी दिल्लीने करायच्या. व्यापाराच्या करारांसाठी मंत्री टेबलावर बसतात, तेव्हा व्हिसाचा विषय आयटी इंजिनिअर आणि उद्योगपतींपुरताच ठेवू नये. विमानाच्या आरक्षणाऐवजी अर्जदाराचा स्वतःच्या सहीचा प्रवासबेत चालावा आणि तिकीट व्हिसा मिळाल्यावर दाखवायचं, एवढा एक बदल झाला तरी डमीचा अख्खा धंदा बसेल. फेटाळलेल्या अर्जाची निम्मी फी तरी परत मागावी. सरकार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर न्यायची परवानगी देतं. त्यापेक्षा ही मागणी नक्कीच जास्त लोकांच्या कामाची आहे.

छोट्या गोष्टी मात्र इथेच करता येतील. वसई-विरारमधून आखाती देशांत, जहाजांवर कामाला जाणारी घरं मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. तरी महापालिकेच्या एकाही वाचनालयात पासपोर्ट-व्हिसाची खरी माहिती फुकट सांगणारं टेबल नाही. आठवड्यातून दोन तास, निवृत्त बँकवाले आणि शिपवर काम केलेले लोक आनंदाने बसतील. नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. अडचणीत सापडलं तर 'मदद' पोर्टल आहे. या दोन ओळी प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावायला किती खर्च येतो? वाढदिवसाच्या एका बॅनरपेक्षा कमी.

माझं म्हणाल तर मी एजंटकडे परत गेलो नाही. रद्द झाल्यास पैसे परत मिळतील असं तिकीट थोडं महाग पडतंय, त्यासाठी मोबाइल बदलायचं पुढे ढकललं. हॉटेल खरंच बुक केलंय, तिथेच राहणार आहे. खात्यात जेवढे आहेत तेवढेच दाखवतोय. सोबत एक पानाचं पत्र लावलंय. मानधन कुठून येतं, घरी कोण आहे, नागासाकीला का जायचंय, गोन्सालो कोण होता, सगळं साध्या शब्दांत. आणि हे सुट्टीचं फिरणं आहे, तिथे राहून वार्तांकन करणार नाही, हेही लिहिलंय. व्यवसायाच्या रकान्यात 'पत्रकार'. नकार आला तर तोही इथे टाकेन, मिळाला तर तेही.

तोवर एक काम तुमच्याकडे. वसई-विरार, पालघर, बोईसर भागात कुणाला व्हिसासाठी डमी तिकीट किंवा खात्यात पैसे फिरवायला सांगितलं गेलं असेल, किंवा खरे कागद देऊनही नकार आला असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. कोणता देश, किती पैसे गेले, काय कारण दिलं. नावं छापणार नाही. पंधरा-वीस प्रकरणं नीट जमली तर बातमी करून खासदारांच्या हातात देणार आहे.